निरोगी बेडकांची वही: राधानगरी, गगनबावडा, मसाई पठार

गुरुवार : कोल्हापूर ते फेजिवडे

गाडीच्या डिकीत बेडूक धरायच्या जाळ्या एका कोपऱ्यात होत्या. बाकी सगळी जागा बादल्या, ब्रश, हातमोज्यांची खोकी आणि पोल्ट्रीच्या सामानाच्या दुकानातून आणलेल्या जंतुनाशकाच्या पुड्यांनी खाल्ली होती. रंकाळ्याजवळ सामान भरताना ओळखीचा एकजण थांबला. "काय ओ, रंगकामाचं कंत्राट घेतलंय काय?" म्हणाला. बेडकांची तपासणी करायला चाललोय, असं सांगितल्यावर त्यानं पुढं काही विचारलंच नाही.

आम्ही चौघं. प्राणिशास्त्राच्या मॅडम, त्यांचे एम.एस्सी.चे दोन विद्यार्थी (एक चंदगडची, एक इचलकरंजीचा) आणि मी. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं. पावसाळ्यात बेडकांचे फोटो काढायचा नाद आहे आणि अक्षर बरं आहे, एवढ्याच भांडवलावर माझी निवड झाली. बेडूक हातात धरणाऱ्यानं दुसऱ्या कशालाही हात लावायचा नसतो, त्यामुळे वही लिहायला कोरड्या हाताचा एक माणूस लागतो. तो मी.

पुईखडी मागं पडली, हळदी-परिते आलं, आणि मॅडमनी गाडीतच विषय काढला. बेडकांच्या कातडीला लागणाऱ्या एका बुरशीनं गेल्या पन्नासेक वर्षांत जगभर जो धुमाकूळ घातला, तसा दुसऱ्या कुठल्याही रोगानं कुठल्याही प्राणिवर्गात घातल्याची नोंद नाही. २०१९ साली जगभरच्या अभ्यासकांनी मिळून हिशेब मांडला तेव्हा ५०१ जाती घटलेल्या निघाल्या, त्यातल्या ९० बहुधा कायमच्या गेलेल्या. बुरशीचं नाव बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस. कामातली माणसं नुसतं 'बीडी' म्हणतात. ड्रायव्हरनं ते ऐकलं आणि आरशातून माझ्याकडं बघितलं.

हिचीच एक बहीण आहे, ती सॅलॅमँडरच्या, म्हणजे बेडकांच्या शेपटीवाल्या भावंडांच्या, मागं लागते. नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाला एका जंगलात काळे-पिवळे फायर सॅलॅमँडर होते. २०१० ते २०१३ या काळात त्यांच्यातले ९६ टक्के संपले. कशानं, ते आधी कळेना. २०१३ मध्ये नवी बुरशी सापडली आणि तिच्या नावातच 'सॅलॅमँड्रिव्होरान्स' आलं, म्हणजे सॅलॅमँडर फस्त करणारी. ती मूळची आशियातली. पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून युरोपात गेली असावी, असं मानतात. अमेरिकेत सॅलॅमँडरच्या जाती जगात सगळ्यांत जास्त. त्यांनी धसका घेतला आणि जानेवारी २०१६ मध्ये २०१ जातींच्या आयातीवर बंदी घातली.

"आपल्याकडं सॅलॅमँडर कुठायत मॅडम?" इचलकरंजीच्या पोरानं विचारलं.

सह्याद्रीत नाहीतच. भारतात बघायचे तर दार्जिलिंगच्या बाजूला जावं लागतं. आमच्या वाट्याला बेडूक, खरबरीत अंगाचे भेक आणि नशिबात असलं तर बिनपायाचं देवगांडूळ. शिवाय सॅलॅमँडरची बुरशी थंडीची शौकीन आहे. १० ते १५ अंशांत ती फोफावते आणि २५ अंशांत मरते. बेडकांच्या बुरशीला मात्र १७ ते २५ अंश मानवतात. आषाढात राधानगरीच्या ओढ्याचं पाणी नेमकं याच मापात बसतं.

फेजिवड्याला पोचेपर्यंत पावसानं धार धरली होती. राधानगरीचं धरण अजून भरायचं होतं. ते भरलं की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि कोल्हापुरात लोक पंचगंगेची पातळी विचारायला लागतात. शाहू महाराजांनी १९०७ मध्ये हात घातलेलं हे काम आजही आमच्या पावसाळ्याचं घड्याळ आहे. पण आम्हाला धरण बघायचं नव्हतं. अंधार पडला तसे घराकडच्या वाटेला लागलेल्या गुरांच्या मागोमाग आम्ही एका ओहळाकडं उतरलो.

पहिला हाती लागला तो साधा भेक. अंगावर चामखिळी, चेहऱ्यावर कुणाचंच देणं नसल्याचा भाव. चंदगडच्या पोरीनं नवे मोजे चढवले, त्याला उचललं आणि उलटं केलं. मॅडमनी बारीक टोकाची निर्जंतुक काडी पाकिटातून काढली. आधी पोटावरून, मग मांड्यांच्या आतल्या बाजूनं, मग पायांच्या बोटांमधल्या पडद्यावरून, प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या वेळा ती फिरवली. टोक नळीत तोडलं, झाकण लावलं, नळी बर्फाच्या डब्यात गेली. भेकाला जिथून उचललं तिथंच सोडलं. मोजे कचऱ्याच्या पिशवीत टाकले, पुढच्या बेडकासाठी नवे काढले. हा नियम म्हणजे आजीच्या सोवळ्यापेक्षा कडक. एका बेडकाचा हात दुसऱ्याला लागला की दोघांच्याही नोंदीला अर्थ उरत नाही, आणि पहिल्याला रोग असेल तर आपणच तो दुसऱ्याला वाढून ठेवला.

मी वहीत लिहिलं : जात, नर की मादी, लांबी, वजन, पाण्याचं तापमान २२, हवेचं २३, कातडी स्वच्छ, हालचाल चपळ, लक्षणे नाहीत.

शुक्रवार : दाजीपूरच्या अलीकडे

पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांना बंद असतं. आमच्याकडं वनखात्याची परवानगी होती आणि सोबत एक वनरक्षक. हा माणूस चालताना बोलत नाही आणि थांबला की थांबत नाही. १९५८ मध्ये घोषित झालेलं हे राज्यातलं पहिलं अभयारण्य, हे त्यानं सांगितलं. गव्यासमोर आलो तर काय करायचं, हेही सांगितलं. दुसरी गोष्ट मी जास्त लक्ष देऊन ऐकली. जळवांबद्दल तो काही बोलला नाही. त्या आपल्या आपण कळल्या.

दिवसा बेडूक कमी दिसतात, म्हणून सकाळ डिंभकांची, म्हणजे बेडकांच्या शेपटीवाल्या पिल्लांची. हे काम मला सगळ्यांत आवडलं. बीडी बुरशी राहते केराटिनवर, म्हणजे आपल्या नखा-केसांत असतं त्याच द्रव्यावर. मोठ्या बेडकाच्या कातडीत ते सगळीकडं असतं, पण डिंभकाच्या अंगात फक्त तोंडाशी, त्याच्या इवल्या काळ्या दातओळींत. त्यामुळं बुरशी लागलेला डिंभक सहसा मरत नाही. खात-पीत राहतो, फार तर दातांचा काळेपणा जागोजागी उडतो. शेपटी गळून त्याचा बेडूक झाला, नवी कातडी आली, की मग घात होतो. ओढ्यात हजारो डिंभक बघून सगळं झकास आहे म्हणणारा माणूस महिनाभरात फसू शकतो. भिंगातून एकेक तोंड बघायला मान मोडते. आम्ही बघितली ती सगळी तोंडं काळीभोर होती.

बुरशीनं बेडूक नेमका मरतो कसा, हा प्रश्न वनरक्षकानं विचारला आणि तो रास्त होता. गजकर्णानं माणूस मरत नाही, मग कातडीच्या बुरशीनं बेडूक का मरावा? बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, तो कातडीतून पितो. श्वासही बराचसा कातडीतूनच घेतो. अंगातले क्षार आत-बाहेर करायचं कामही तिचंच. बुरशीनं कातडी जाड आणि निकामी केली की रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घसरत जातं आणि शेवटी हृदय बंद पडतं. "म्हणजे हार्ट ॲटॅकच की," वनरक्षक म्हणाला. मॅडमनी थोडा विचार करून मान हलवली.

दुपारी वस्तीवर भाकरी, खर्डा आणि वाफाळता भात. ज्यांच्या घरी जेवलो ते आजोबा डोक्यावर इरलं घेऊन लावणीवरून आले होते. आम्ही काय करतोय ते त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"बेडकाला बी रोग हुतो व्हय?"

"होतो आजोबा. आपल्याकडं आहे का, तेच बघतोय."

"असला तर काय औषध देणार?"

इथं आम्ही चौघंही गप्प. प्रयोगशाळेत बेडकाला बुरशीनाशकाच्या पाण्यात ठेवून बरं करता येतं. जंगलातल्या ओढ्याला औषध कोण घालणार, आणि घातलं तर ओढ्यात बाकी काय जगणार? खरं उत्तर मॅडमनी दिलं. औषध नाही, पण कधी आला, कुठून आला आणि कोण वाचलं, हे कळलं पाहिजे. आजोबांचं समाधान झालं नसावं. म्हणाले, "तुमी रोगाचं बगताय. आमच्या बांधावर तणनाशक मारायला लागल्यापास्नं बेडकाचा आवाज निम्मा झालाय, त्ये बी ल्हिवा."

मी लिहिलं. फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता, समासात लिहिलं. माझ्या मते ते त्या पानावरचं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य आहे, आणि मॅडमनीही ते खोडलं नाही.

रात्री जंगलाच्या कडेला बुश फ्रॉगांची टकटक चालू होती. नखाएवढा प्राणी, आवाज मात्र कुणीतरी दगडावर दगड आपटावा तसा. एका पाणवठ्यावर झुकलेल्या फांदीवर मलबारी उडत्या बेडकांचं फेसाचं घरटं लटकत होतं आणि शेजारी हिरवागार नर, बोटांमध्ये केशरी पडदे. त्याच्यावर काडी फिरवताना पोरीचे हात हलके झाले होते. इचलकरंजीचा पोरगा तोवर मोबाईलवर तापमानाच्या नोंदी भरत होता, त्याला झाडावरचं काही नको होतं. "काका, लिहा, एकवीस पॉइंट चार," एवढंच.

शनिवार : बूट धुण्याचा दिवस, मग गगनबावडा

मला विचाराल तर या सगळ्या दौऱ्याचा गाभा शनिवारची सकाळ होती, आणि तिचा एकही फोटो काढण्यासारखा नाही.

राधानगरीच्या खोऱ्यातून कुंभी नदीच्या खोऱ्यात जायचं होतं. जायच्या आधी राधानगरीचा चिखल राधानगरीतच ठेवायचा होता. बुरशीच्या बीजाणूला शेपटी असते, तो पाण्यात पोहतो, ओल्या मातीत आणि ओल्या बुटात तग धरतो. कोरडं केलं की मरतो, पण आषाढात काही कोरडं होतं का? म्हणून आधी ब्रशनं खाचांतला चिखल काढायचा, कारण चिखल असेल तर जंतुनाशक आत पोचत नाही. मग बूट, जाळ्या, काठ्या, रेनकोटच्या कडा, सगळं द्रावणात बुडवून ठरलेली मिनिटं थांबायचं, मग स्वच्छ पाण्यानं धुवायचं. हे सगळं ओढ्यापासून लांब, रस्त्याकडेला, कारण तेच द्रावण डिंभकांना मारतं. गाडीची चाकंसुद्धा घासली. येणारे-जाणारे बघत होते. एका वडापवाल्यानं हॉर्न वाजवून दाद दिली.

रोग शोधायला जाणारी माणसंच रोग घेऊन फिरू शकतात. एका आठवड्यात चार खोऱ्यांतल्या पाण्यात पाय घालणारा दुसरा प्राणी सह्याद्रीत नाही.

आणि आपल्याकडं रोग आहे की नाही, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ही बुरशी पश्चिम घाटात पूर्वीच सापडली आहे. २०११ मध्ये केरळच्या बाजूची नोंद आली आणि २०१३ मध्ये उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरची. त्यात शेजारच्या आंबोलीचा तो चिमुकला वाघभेकही होता, जगात फक्त त्या पठाराच्या आसपास राहणारा आणि अतिसंकटग्रस्त. पण पनामात किंवा ऑस्ट्रेलियात पडले तसे मेलेल्या बेडकांचे खच इथं पडले नाहीत. २०१८ मधल्या जनुकीय अभ्यासानं या बुरशीचं मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या बाजूला दाखवलं. त्याआधी बराच काळ आफ्रिकेवर आळ होता. तिथले झेनोपस बेडूक एकेकाळी गर्भचाचणीसाठी जगभर पाठवले जायचे, त्यांनीच रोग नेला असं म्हणत. आशियातल्या बेडकांची आणि या बुरशीची ओळख जुनी असेल, तर एखाद्या काडीवर ती सापडली म्हणून छाती बडवायचं कारण नाही. तिची मात्रा वाढली, किंवा बाहेरचा जहाल वाण आत आला, तर मात्र आहे. तो बदल ओळखायचा तर आधीचं ठाऊक हवं. पनामातल्या एल कोपे इथं २००४ मध्ये साथ पोचली तेव्हा तिथल्या मंडळींकडं साथीच्या आधीच्या वर्षांच्या नोंदी होत्या, म्हणून काय काय गेलं ते नावानिशी सांगता आलं. बाकी कितीतरी ठिकाणी जंगल गप्प झालं आणि त्यात पूर्वी कोण गात होतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

तर माझ्या वहीतलं 'लक्षणे नाहीत' हे कंटाळवाणं वाक्य त्यासाठी आहे.

कळे, साळवण, असळज करत गगनबावड्याला पोचलो तेव्हा ढग रस्त्यावर उतरले होते. गगनगडाचं टोकही दिसेना. चहाच्या गाड्यावर भजी खाल्ली. इथं भजी न खाता पुढं गेलेला माणूस माझ्या ओळखीत नाही.

रात्री करूळ घाटाच्या माथ्याकडं रस्त्यावर एक मोठा बेडूक उताणा पडलेला दिसला. अंग अखंड, जखम नाही. गाडीत एकदम शांतता. मेलेला अख्खा बेडूक मिळणं दुर्मिळ, कारण खेकडे, मुंगसं, पाणी काही तासांत सगळं नाहीसं करतात. जंगलात मेलेले बेडूक दिसत नाहीत म्हणजे मरत नाहीत, असं म्हणता येत नाही. मॅडमनी मोजे घातले, टॉर्च जवळ नेली, बेडूक उलटला. पाठीवर टायरची नक्षी होती. पुढच्या वळणापर्यंत तशीच नक्षी असलेले आणखी किती दिसले ते मोजायचंही आम्ही सोडून दिलं. बुरशीनं मारलेला बेडूक आम्हाला अख्ख्या दौऱ्यात मिळाला नाही. ट्रकनं मारलेले मात्र एका रात्रीत ढिगानं मिळाले. त्यांच्याही काड्या घेतल्या. मेलेला म्हणून नमुना वाया घालवायचा नसतो.

मुक्कामाच्या घरी परतलो तर मालकीणबाईंनी शेणखताच्या ढिगाशी काहीतरी झाकून ठेवलं होतं. "बगा ओ ताई, दुतोंड्या सापडलाय. पोरं मारत हुती, म्या पाटी पालथी घातली." पाटीखाली वीतभर लांब, जांभळट-करडं, अंगावर वळ्या असलेलं देवगांडूळ. साप नव्हे आणि गांडूळही नव्हे, बेडकांचंच बिनपायाचं भावंड. मॅडमना शब्द फुटेना. आफ्रिकेतल्या देवगांडुळांवर ही बुरशी सापडली आहे. आपल्याकडं त्यांना तपासणार कोण, ती जमिनीत असतात. त्याच्यावर काडी फिरवणं ही सर्कस होती. साबणाच्या वडीसारखं ते दर वेळी दुसऱ्याच बोटांतून बाहेर यायचं. शेवटी पोरीनं ओल्या पिशवीत धरलं आणि जमलं. फोटो काढले, जातीचा रकाना मॅडमनी रिकामाच ठेवायला सांगितला, आणि बाईंनी स्वतः ते ढिगाच्या मागं नेऊन सोडलं. "शेतकऱ्याचा मित्र आहे," एवढं मॅडमनी पोरांना सांगितलं. पोरांना पटलं की नाही, खात्री नाही.

रविवार : मसाई पठार आणि परत

पुन्हा ब्रश, पुन्हा बादली. मग पन्हाळ्याच्या पलीकडं मसाई पठार.

इथं यायचं ठरवलं ते बेडकांसाठी कमी आणि माणसांसाठी जास्त. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडं गेले ती वाट या पठारावरून जाते, आणि दर जुलैमध्ये त्या आठवणीत शेकडो पोरं-पोरी ती वाट चालतात. मी स्वतः तरुणपणी चाललोय. त्या दिवशीही भगवे झेंडे, घोषणा, रेनकोट, आणि गुडघ्यापर्यंत चिखल. जांभ्याच्या सड्यावर पावसाचं पाणी साचून उथळ डबकी होतात, त्यांच्या कडेला दगडांखाली छोटे बेडूक असतात. पुण्याहून, मुंबईहून, गेल्या रविवारी कुठल्या तरी दुसऱ्याच घाटात भिजलेला बूट आज या डबक्यात पडतो.

त्या गर्दीत एका ग्रुपच्या लीडरशी मॅडम बोलल्या. मला वाटलं, हसण्यावारी नेईल. त्यानं नीट ऐकलं आणि विचारलं, "मॅडम, साबणानं धुतले तर चालतील काय?" मॅडम म्हणाल्या, चिखल पूर्ण काढा, धुवा आणि पुढच्या ट्रेकआधी खडखडीत वाळवा, एवढं केलंत तरी पुष्कळ. "वाळवायचं जरा अवघड हाय," तो म्हणाला. ते खरंच होतं. माझे स्वतःचे बूट घरी पंख्याखाली तीन-तीन दिवस पडून असतात आणि त्यावरून रोज बोलणी खातो.

पठारावर काम लवकर उरकलं. वारा असा होता की फॉर्मची पानं पोटाशी धरून लिहावी लागत होती. पाणी इथं जरा उबदार निघालं, उथळ असल्यामुळं. उन्हाळ्यात हा सडा तापून निघतो. २८ अंशांच्या वर या बुरशीची वाढ थांबते, त्यामुळं मार्च-एप्रिलमध्ये सड्यावर तिचं काही चालत नसणार. ती तग धरत असेल तर खाली, सावलीतल्या बारमाही झऱ्यांत. म्हणून मॅडमना उन्हाळ्यात त्या झऱ्यांवरही यायचं आहे. पोरांचे चेहरे पडले, कारण तेव्हा परीक्षा असतात.

संध्याकाळी कोल्हापुरात बर्फाचा डबा थेट प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये गेला. काडीवरचा डीएनए वेगळा काढून मशीनवर तपासायचा, प्रत्येक नमुन्यात बुरशी आहे का आणि असली तर किती, हे त्यातून कळतं. सोबत आम्ही कुठल्याच बेडकाला न लावलेल्या काही कोऱ्या काड्याही दिल्या होत्या. त्यांवर बुरशी निघाली तर चूक आमच्या हाताळणीची, बेडकांची नव्हे. मशीन एवढ्या-तेवढ्यासाठी लावत नाहीत, पुरेसे नमुने साठले की एकदम, त्यामुळं निकालाला वेळ आहे. वापरलेल्या मोज्यांच्या पिशव्या जैववैद्यकीय कचऱ्यात गेल्या. वहीची पानं मी स्कॅन करून दिली, आजोबांच्या तणनाशकाच्या समासासकट. फॉर्ममध्ये आता शेवटी 'स्थानिकांचे म्हणणे' असा नवा रकाना घालायचं ठरलं आहे. पुढची फेरी भातं कापणीला आली की.